मामांचा पेला आणि टेनेसीचे घोडे

घोडा विकत घेण्यापूर्वी माझे मामा त्याच्याकडे समोरून फार वेळ पाहत नसत. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीच्या काठी, दूरदूरच्या प्रांतांतून आणलेले घोडे रांगेने बांधलेले असत आणि विकणारा माणूस कानांची टोके कशी जुळतात, देवमण (शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा) कुठे आहे, पाय कसे पांढरे आहेत हे रंगवून सांगत राही. मामा ते सगळे शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी एवढेच म्हणत, "आधी बसू द्या." मग काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला एका हातात धरून ते घोड्याला रवाल नावाच्या सपाट, जलद चालीत लांबवर नेऊन आणीत, आणि परतल्यावर पेल्यात किती पाणी उरले आहे त्यावरून बोलणी पुढे सरकत. चालीची पारख खोगिरावर बसून करायची असते, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्के बसले आहे. म्हणूनच अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या घोड्यांची हकिकत वाचताना मी अस्वस्थ झाले, कारण मामांचा पेला तिथेही होता आणि तिथल्या लोकांनी तो स्वतःच्या हाताने बाजूला ठेवला.

आधी चालींविषयी थोडे सांगायला हवे. साध्या चालीत घोड्याचे चार पाय चार वेगवेगळ्या ठोक्यांवर पडतात: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. दुडकीत तिरपे पाय, म्हणजे एका बाजूचा मागचा आणि दुसऱ्या बाजूचा पुढचा, जोडीने पडतात आणि दोन जोड्यांच्या मध्ये क्षणभर चारही पाय जमिनीवरून सुटतात. स्वाराला जे हिसके बसतात ते याच क्षणामुळे. टेनेसी वॉकिंग हॉर्स या जातीची खासियत अशी की हा घोडा वेग वाढवतो, पण पाय टाकण्याचा साध्या चालीचा क्रम सोडत नाही. त्याचा कोणता ना कोणता पाय सतत जमिनीवर असतो, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्या अर्धा ते दीड फूट पुढे पडतो, त्या लयीत मान वरखाली डुलते आणि स्वाराची मांड जवळजवळ हलत नाही. तिथे या चालीला धावती चाल म्हणतात. एकोणिसाव्या शतकात टेनेसीतील मोठमोठ्या मळ्यांचे मालक दिवसभर घोड्यावर बसून पिकांवर (आणि यादवी युद्धापूर्वी गुलामांवरही) देखरेख करीत, त्यांना असाच घोडा हवा होता. १८८६ मध्ये जन्मलेला ॲलन नावाचा काळा घोडा या जातीचा मूळपुरुष मानला जातो, आणि १९३५ मध्ये लुईसबर्ग येथे पैदासकारांची संघटना स्थापन झाली.

ही चाल शिकवून येत नाही, ती रक्तातच असते, हे आता विज्ञानानेही दाखवले आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील लेफ अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये डीएमआरटी-३ नावाच्या जनुकातील एका अक्षराच्या बदलाचा शोध लावला. पाठीच्या कण्यातून पायांचा मेळ घालणाऱ्या चेतापेशींवर या बदलाचा परिणाम होतो, आणि आइसलँडच्या घोड्यांपासून टेनेसीच्या घोड्यांपर्यंत वेगळ्या चालीच्या अनेक जातींत तो आढळतो. शिंगरू आईमागे धावू लागते तेव्हाच ते आपली चाल दाखवते. चाबूकस्वाराने तिला वळण लावायचे, एवढेच काय ते काम उरते.

मग बिघडले कुठे? १९३९ मध्ये शेल्बीव्हिल या गावी या जातीचा वार्षिक सोहळा सुरू झाला आणि घोड्याला गुण देण्याचे काम रिंगणात उभ्या असलेल्या परीक्षकाकडे गेले. परीक्षक घोड्यावर बसत नाही. त्याला लांबून जे दिसते त्यालाच तो गुण देणार, आणि लांबून दिसतो तो पाय किती उंच उचलला गेला एवढाच भाग. १९५० च्या दशकापासून पुढचे पाय छातीपर्यंत झटक्याने उचलणारी, मागचा भाग खाली दबवलेली अशी एक अतिरंजित चाल लोकप्रिय होत गेली. तिला 'बिग लिक' म्हणतात. प्रेक्षागृहातून तिला टाळ्या पडतात. माझ्या डोळ्यांना मात्र तो घोडा तापलेल्या तव्यावरून चालल्यासारखा दिसतो, आणि ही उपमा दुर्दैवाने फारशी चुकीची नाही.

कारण ती चाल मिळवण्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे वेदना. पुढच्या पायांच्या खुरांवरचा बारीक भाग मोहरीचे तेल, रॉकेल, डिझेल किंवा तत्सम दाहक पदार्थ चोळून सोलवटून काढायचा, वर प्लास्टिक गुंडाळून ते द्रव्य कातडीत मुरू द्यायचे, आणि मग त्या हुळहुळ्या जागेवर साखळी घालायची. पाऊल टेकताच साखळी आपटते आणि घोडा पाय झटकन वर ओढून घेतो. खुराखाली कित्येक इंच जाडीचे थर नालेसह ठोकलेले असतात, त्यांमुळे पाय आणखी जड आणि उंच होतो. काही जण तर खूर इतके तासतात की त्याच्या तळचा मऊ भाग प्रत्येक पावलाला दबावा. इंग्रजीत या सगळ्याला 'सोअरिंग' असे एकच छोटेसे नाव आहे. ज्या नालबंदाने आणि ज्या मोतद्दाराने घोड्याचे पाय जपायचे, त्यांच्याच हातून हे करवून घेतले जाते.

कायदा नाही असे नाही. ९ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी हॉर्स प्रोटेक्शन ॲक्टवर सही केली, आणि असा पाय दुखवलेला घोडा प्रदर्शनात उतरवणे किंवा विकणे गुन्हा ठरला. पुढे साखळीचे वजन ६ औंसांपर्यंत, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपर्यंत मर्यादित करण्यात आले. एवढ्या हलक्या साखळीने धडधाकट पायाला काही होत नाही, असे तिचे समर्थक आजही सांगतात. ते खरे धरले तरी साखळीखालच्या कातडीचे काय, हा प्रश्न उरतोच. १९७६ च्या दुरुस्तीने तपासनीस नेमण्याची मुभा प्रदर्शनांच्या आयोजकांनाच मिळाली, आणि हे तपासनीस बहुधा त्याच धंद्यातले असत. २०१० मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या महानिरीक्षकांनी आपल्या अहवालात ही पद्धत बंद करावी असे स्पष्ट म्हटले. कुंपणच शेत खात होते.

तपासणीची रीत तशी सोपी आहे: तपासनीस खुरावरचा भाग अंगठ्याने दाबतो, आणि घोड्याने पाय ओढला तर तो दुखावलेला आहे असे समजतात. यावर शोधलेला तोडगा वाचला तेव्हा मला पुस्तक मिटून ठेवावे लागले. घरच्या पागेत खोटी तपासणी करायची, पाय दाबायचा, आणि घोडा जरा हलला की त्याच्या तोंडावर मारायचे. असे वारंवार केले की पायाचे दुखणे परवडले, पण हलणे नको, हे घोड्याला कळते आणि खऱ्या तपासणीच्या वेळी तो दगडासारखा उभा राहतो. ज्याला बोलता येत नाही त्याच्याजवळ सांगण्याचे एकच साधन होते, तेही काढून घेतले. २००६ मध्ये सरकारी निरीक्षकांनी शेल्बीव्हिलला कडक तपासणी केली तेव्हा अंतिम फेरीचे इतके घोडे अपात्र ठरले की त्या वर्षी महाविजेता जाहीरच झाला नाही. २०१२ मध्ये एका पागेत गुप्तपणे केलेले चित्रण दूरचित्रवाणीवर दाखवले गेले आणि पेप्सीने सोहळ्याचे प्रायोजकत्व सोडले. त्याच वर्षी पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनांनी साखळ्या आणि थर यांवर सरसकट बंदी मागितली. तसे विधेयक प्रतिनिधिगृहात २०१९ आणि २०२२ मध्ये मंजूर झाले, पण सिनेटमध्ये अडले. कृषी खात्याने २०२४ मध्ये नियमच बदलले. ते लागू होण्याची मूळ तारीख १ फेब्रुवारी २०२५ होती; तिच्या आदल्या दिवशी, ३१ जानेवारीला, टेक्सासमधील न्यायालयाने त्यांतील महत्त्वाचा भाग रद्द केला. तोंडाशी आलेला घास गेला.

यात दिलासा एवढाच की साध्या नालेवर चालणाऱ्या घोड्यांचीही वेगळी प्रदर्शने तिथे भरतात आणि आपला घोडा तशाच प्रदर्शनात नेणारे मालकही पुष्कळ आहेत.

हे सगळे डोक्यात घोळत असताना नात्यातल्या एका लग्नाला गेले. वरातीत पांढरी घोडी ताशाच्या तालावर पुढचे पाय उचलून नाचत होती आणि मंडळी मोबाइल उंच धरून चित्रण करीत होती. तिच्या ओठांच्या कडेला गुलाबी फेस दिसला, म्हणून बँड थांबल्यावर मी घोडीवाल्याला लगाम दाखवायला सांगितला. तोंडात जाणाऱ्या लोखंडी तुकड्याला आतून काटे होते. असे काटेरी लगाम जनावरांशी क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी आपल्याकडे बेकायदा आहेत, हे मी त्याला सांगितले. तो चिडला नाही. "ताई, त्याशिवाय ती नाचत नाही, आणि नाचली नाही तर पुढची सुपारी मिळत नाही," एवढेच म्हणाला. मी त्याला मामांच्या पेल्याची गोष्ट सांगितली. त्याने ती पूर्ण ऐकून घेतली, आणि मग हसत म्हणाला, "वरातीत बसणाऱ्याला कोण विचारतो?"

तोवर ताशा पुन्हा सुरू झाला होता, आणि नवरदेव खोगिराचा पुढचा भाग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता.