क्योतोत एक दिवस: आधी फुशिमी इनारी, मग सान्जूसान्गेन्दो

जपानमधल्या क्योतोत हाताशी एकच दिवस असेल, तर मी दोनच ठिकाणं सुचवेन, आणि तीही याच क्रमाने. फुशिमी इनारी हे डोंगरावरचं देवस्थान चोवीस तास उघडं असतं, तिथे तिकीट नाही. सान्जूसान्गेन्दो हे बौद्ध मंदिर साडेआठला (१६ नोव्हेंबर ते मार्चअखेर नऊला) उघडतं. त्यामुळे सकाळी सहा-साडेसहाला इनारीत पोचावं. उशीर केला तर कमानींखाली नुसतं गर्दीबरोबर सरकावं लागतं.

क्योतो स्टेशनवरून जेआर (जपान रेल्वे) नारा लाइनची लोकल पकडा. दुसरं स्टेशन इनारी, पाच मिनिटांत. रॅपिड गाडी इथे थांबत नाही; घाईत तीच पकडली की माणूस थेट पुढे जातो. स्टेशनसमोरच पहिली शेंदरी कमान, म्हणजे तोरी. डोंगरावर अशा सुमारे दहा हजार आहेत. इनारी ही भाताची आणि धंद्याच्या बरकतीची देवता, म्हणून व्यापारी आणि कंपन्या या कमानी अर्पण करतात. दात्याचं नाव आणि तारीख कमानीच्या मागच्या अंगाला असते, त्यामुळे अक्षरं दिसतात ती उतरताना. जागोजागी दगडी कोल्हे आहेत. ते देव नव्हेत, इनारीचे दूत. कुणाच्या तोंडात कोठाराची किल्ली, कुणाच्या भाताची लोंबी, कुणाच्या मणी.

डोंगर २३३ मीटरचा, पूर्ण फेरी चार किलोमीटरची, दोन-तीन तासांची. योत्सुत्सुजीच्या चौकापर्यंत गेलं तरी पुष्कळ झालं. शहर तिथूनच छान दिसतं, माथ्यावर झाडी आड येते. पायथ्याशी इनारीझुशी मिळते, गोडसर तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला भात. शाकाहारी दिसते, पण तोफू बहुधा माशाच्या अर्कात मुरवलेला असतो, तेव्हा विचारूनच घ्या.

दर्शनाची रीत दोन्हीकडे वेगळी. इनारी हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देवस्थान आहे: दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एकदा नमस्कार. सान्जूसान्गेन्दो बौद्ध मंदिर. तिथे टाळ्या वाजवायच्या नाहीत, नुसते हात जोडायचे.

डोंगर उतरल्यावर केइहान रेल्वेच्या फुशिमी-इनारी स्टेशनवर या आणि देमाचियानागीकडे जाणारी गाडी पकडून शिचिजोला उतरा. केइहान खासगी आहे, जेआर पास चालत नाही. इकोका हे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासकार्ड चालतं. शिचिजोवरून सात मिनिटं चालायचं.

खरा वेळ राखून ठेवायचा तो इथे, सान्जूसान्गेन्दोत. बूट दारातच काढावे लागतात आणि हिवाळ्यात लाकडी जमीन गारठलेली असते, जाड मोजे हवेतच. आत फोटोला सक्त मनाई आहे. सुमारे १२० मीटर लांब दालनात सहस्रभुज अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, जपानीत कान्नोनच्या, १००१ मूर्ती आहेत. मंदिर ११६४ मधलं. १२४९ च्या आगीनंतर आजची वास्तू १२६६ मध्ये पुरी झाली. आगीतून १२४ मूर्ती वाचल्या. मधली बैठी मूर्ती तांकेई या शिल्पकाराची, १२५४ ची. हात मोजले तर ४२ भरतात: जोडलेले दोन सोडून उरलेला प्रत्येक हात २५ विश्वांतल्या जीवांचा उद्धार करतो, म्हणून हजार. डोक्यावरची छोटी मुखं पाहताना कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आठवावा, वंश एकच.

बहुतेक लोक मधल्या मूर्तीपाशी थांबून पुढे सरकतात. मी म्हणेन, पुढच्या रांगेतल्या २८ रक्षकांपाशी रेंगाळा. चोच आणि पंख असलेला, बासरी वाजवणारा गरुड इथे आहे. ब्रह्मा, इंद्र, असुर आहेत. हाडं मोजता येतील इतका कृश वृद्ध तपस्वी वसूही आहे, आणि माझ्या मते सगळ्या दालनात त्याच्याइतका जिवंत चेहरा दुसरा नाही. दोन टोकांना वायुदेव फूजिन, खांद्यावर वाऱ्याची पिशवी घेतलेला, आणि ढोलांच्या कड्यातला मेघगर्जनेचा देव राइजिन. २०१८ मध्ये जुन्या चित्रांच्या आधारे या मूर्तींच्या जागा आणि काही नावं बदलली, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांतला क्रम जुळत नाही.

बाहेर पडल्यावर पश्चिमेची लांब ओसरी पाहा. याच ओसरीवर १६८६ मध्ये वासा दाइहाचिरो या धनुर्धराने एका अहोरात्रात १३,०५३ बाण सोडले आणि त्यांतले ८,१३३ ओसरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेले. जानेवारीच्या मध्यावर एका रविवारी आजही इथे धनुर्विद्येची स्पर्धा भरते. त्या दिवशी प्रवेश मोफत असतो, पण मूर्ती निवांत पाहायच्या असतील तर दुसरा दिवस निवडा.