साडेआठचा वर्ग

९ मार्च २०२० ला होळी होती आणि राज्यातले पहिले दोन करोना रुग्ण त्याच दिवशी पुण्यात सापडले. पुढच्या आठवड्यात शाळा बंद झाल्या. मुलांच्या वह्यांत मी 'सुट्टी ३१ मार्चपर्यंत' असं लिहून दिलं होतं. मी विशेष शिक्षिका आहे. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेली आठ मुलं तेव्हा माझ्या वर्गात होती, दहा ते चौदा वर्षांची.

पाडव्याच्या दिवशी, म्हणजे देशभर लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, पर्वती पायथ्याला राहणाऱ्या एका मुलाच्या आईचा फोन आला. "ताई, हा रोज युनिफॉर्म घालून, दप्तर घेऊन दारात बसतोय. व्हॅनवाले काका आले नाहीत की भिंतीवर डोकं आपटतो. काय करू?"

मुलगा बारा वर्षांचा. बोलत नाही. वहीतली 'सुट्टी' त्याच्यासाठी नव्हतीच. त्याला दिवस कळायचा तो शाळेच्या भिंतीवर वेल्क्रोने लावलेल्या चित्रांवरून, आणि ती चित्रं शाळेत कुलपाआड. मी आईंना म्हटलं, चित्रं काढून लावा. त्या म्हणाल्या, "मला रेघ धड मारता येत नाही हो." मग खऱ्या वस्तूच घेतल्या. एका लांब ताटात ओळीने ब्रश, चहाचा कप, टॉवेल, त्याचे लाकडी ठोकळे. एक काम झालं की ती वस्तू उचलून बादलीत टाकायची. आणि सगळ्यात आधी शाळेचं ओळखपत्र. ते त्यानेच रोज सकाळी एका डब्यात ठेवायचं, झाकण लावायचं, आईने दोन्ही हात जोडून 'बंद' अशी खूण करायची. अकराव्या दिवशी तो डबा बंद करून दारात न बसता थेट कपाकडे गेला. आईंनी तेवढंच सांगायला फोन केला होता. आम्ही दोघीही रडलो.

सगळ्यांचा मिळून झूमवर वर्ग घेऊन पाहिला. चौघे जोडले गेले. एकाने माझा आवाज ऐकून फोनच्या मागे जाऊन मला शोधलं, एकीने एकदम इतके आवाज येताच कान झाकले. फुकटात मिळणारी ४० मिनिटं आम्हाला कधी लागलीच नाहीत, सहाव्या मिनिटाला पडद्यावर फक्त आया उरायच्या. दोन आठवड्यांत तो नाद सोडला आणि एकेकाला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल करू लागले.

पर्वतीच्या घरात फोन एकच. वडील मार्केट यार्डातून भाजीचा टेम्पो चालवायचे, फोन त्यांच्याबरोबर. ते आठला यायचे, आंघोळ करायचे, मग साडेआठला आमचा वर्ग. नेमकी जेवणाची वेळ. पहिले काही दिवस मी ठोकळे आणि रंगच घेऊन बसायचे आणि तो ताटाकडे बघत राहायचा. एके दिवशी मी म्हटलं, ताटं मांडणं हाच धडा.

अशा मुलांना काम शिकवताना आम्ही त्याचे टप्पे पाडतो आणि बऱ्याचदा शेवटचा टप्पा आधी शिकवतो. म्हणजे आईने सगळी ताटं मांडायची, शेवटचं फक्त त्याने ठेवायचं. काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. मग शेवटची दोन, मग तीन. वर्गात हे करताना माझा हात त्याच्या हातावर असतो आणि हळूहळू मी तो मनगटावर, कोपरावर, खांद्यावर नेत काढून घेते. आता माझा हात फोनमध्ये. त्यामुळे शिकवायचं होतं आईच्या हाताला, आणि त्या हाताला घाई होती. त्याने ताट उचलायच्या आत त्या उचलून द्यायच्या. मी सांगितलं, मनात दहा मोजा, मग मदत करा. त्या म्हणाल्या, "ताई, दहा मोजेपर्यंत जीव वर-खाली होतो माझा." मला ते पटलं. बारा वर्षं त्या त्याच्याआधी धावत आल्या होत्या. आम्ही चारापासून सुरुवात केली.

मास्कचंही असंच. कानामागचं इलास्टिक त्याला सहन होत नव्हतं. आईंनी जुन्या सुती साडीचा, डोक्यामागे बांधायचा मास्क शिवला. आधी तो नुसता ठोकळ्यांशेजारी ठेवला. मग त्याला हात लावणं, गालाला लावणं, नाकावर एक आकडा मोजेपर्यंत धरणं. रडला की तिथेच थांबायचं, जबरदस्ती नाही. १४ ते २३ जुलैच्या शहराच्या कडक लॉकडाऊनमध्ये आम्ही वीस आकड्यांवर होतो. गणपतीपर्यंत चार मिनिटं झाली. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यायला तेवढी पुरतात.

शाळेला दर आठवड्याला तक्ता पाठवायचा असे : किती मुलं ऑनलाइन हजर. त्यात आईसाठी रकाना नव्हता. मी तो कागदाच्या मागे हाताने आखायचे.

सगळ्यांपर्यंत मी पोहोचले नाही. एका मुलीचं कुटुंब गावी गेलं आणि फोन लागायचा बंद झाला. शेजाऱ्यांकडे विचारलं, व्हॅनवाल्या काकांना विचारलं. जवळपास दोन वर्षांनी ती परत आली तेव्हा लघवीला जायची खूण, जी आम्ही सात महिने खपून बसवली होती, ती विसरली होती. तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मी अजून दुसऱ्या कुठल्या वाटेने पोहोचायला हवं होतं, हे मला अजूनही टोचतं. खुणेपासून पुन्हा सुरुवात केली.

२०२२ च्या सुरुवातीला तिसरी लाट ओसरली आणि वर्ग पूर्ण भरला. पर्वतीचा मुलगा आता चौदा वर्षांचा, माझ्याहून उंच. डबे खायच्या वेळी मी कपाट उघडलं तसा तो उठला, ताटल्या काढल्या आणि सतरंजीवर मांडल्या. चार. घरी ते चौघं. मुलं आठ होती. मी उरलेल्या ताटल्या त्याच्यासमोर ठेवल्या, हात मागे घेतले आणि मनात मोजायला लागले.