नोंद सातवी : मान सरळ, कंबर वाकडी

या नोंदी मी स्वतः बनवलेल्या रेझोनेटर गिटारच्या आहेत, म्हणजे जिचा आवाज आत बसवलेला ॲल्युमिनियमचा पातळ शंकू मोठा करतो तिच्या. तारांच्या ताणाने तिचा नेक, म्हणजे मान, वाकू नये म्हणून मी त्यात पट्ट्या बसवल्या, आणि मागच्या नोंदीचा शेवट ‘नेकचा प्रश्न आता कायमचा मिटला’ या वाक्याने केला होता. ते वाक्य मागे घेण्यासाठी ही नोंद लिहीत आहे. कार्बनच्या दोन पट्ट्या बसवून, फिंगरबोर्ड (नेकवरची बोटे टेकवायची फळी) पुन्हा चिकटवून आणि तारा चढवून अठरा दिवस झाले, तेवढ्यात बाराव्या फ्रेटवरची (फ्रेट म्हणजे फिंगरबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तारांची उंची ३.२ मि.मी.वरून ४.२ वर गेली. स्लाइडने, म्हणजे तारांवर नळी सरकवून, वाजवणाऱ्याला उंच तार चालते, किंबहुना ती हवीच असते, हे मान्य आहे. परंतु मी खालच्या तीन फ्रेटवर बोटांनीही वाजवतो, आणि खरी तक्रार उंचीबद्दल नसून ती रोज बदलते याबद्दल आहे. सहावी तार जुळवली की पहिली उतरते, पहिली चढवली की तिसरी उतरते, आणि सुरात आणण्यातच संध्याकाळ संपते.

आधी पट्ट्यांविषयी, कारण तेवढे काम तरी मनासारखे झाले. पहिल्यांदा ऑनलाइन मागवलेल्या पट्ट्या कार्बनच्या नव्हत्याच, काळा रंग दिलेल्या फायबरग्लासच्या होत्या. दुकानाचे नाव देत नाही, पण परीक्षा सांगून ठेवतो : पट्टीची दोन्ही टोके पॉलिश पेपरने घासावीत आणि मल्टिमीटरचे दोन काटे त्यांना लावावेत. कार्बनमधून वीज जाते, काचतंतूतून जात नाही. दुसऱ्या खेपेच्या ६ × १० मि.मी.च्या पट्ट्यांनी ही परीक्षा दिली. घासताना मास्क लावावा आणि पाण्याखालीच घासावे. ती काळी भुकटी छातीत जाण्यासारखी नाही.

नेक जुन्या वाड्याच्या वाशांचा, म्हणजे चांगल्या मुरलेल्या सागवानाचा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सागवान तेलकट असल्यामुळे चिकटवण्याला रुसते. खाचा पटाशीने ताज्या करून, ॲसिटोनने पुसून, दहा मिनिटांच्या आत सावकाश वाळणारे इपॉक्सी भरले. पाच मिनिटांत वाळणारे इपॉक्सी या कामाला वापरू नये असे माझे ठाम मत झाले आहे, कारण ते सतत ताणाखाली आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात हळूहळू सरकते, आणि चिकटवण सरकू लागली की पट्टी लाकडाबरोबर न वाकता खाचेत नुसती पडून राहते. दुसऱ्या दिवशी रंधा मारताना पट्टी आणि लाकूड यांच्यामधली रेघ नखालाही लागत नव्हती. त्या एका क्षणासाठी दोन रविवार गेले याचे वाईट वाटत नाही.

त्यानंतर चाचणी घेतली. गिटार टेबलाला शिकंज्याने आवळली, नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीपाशी, पाच किलो तांदळाची पिशवी टांगली आणि डायल गेजने वाकण मोजले. पट्ट्यांपूर्वी २.३ मि.मी. होते, पट्ट्यांनंतर १.५ भरले. याच आकड्यांवर मी ते तोऱ्याचे वाक्य लिहिले होते.

उंची वाढू लागल्यावर पहिला संशय अर्थातच पट्ट्यांवर गेला. फ्रेटवर पोलादी पट्टी ठेवून पाहिले, तर पहिल्या ते बाराव्या फ्रेटपर्यंतचा रिलीफ (नेकचा किंचित बाक) ०.२ मि.मी. होता, म्हणजे मी ठेवला होता तेवढाच. नेक सरळ होता. दुसरा संशय कोन दबून खाली बसल्याचा. (मराठीत अँगललाही कोनच म्हणतात, म्हणून या नोंदीत कोन म्हणजे आवाज मोठा करणारा तो ॲल्युमिनियमचा शंकू, आणि अँगलला अँगलच.) ओपन जीमध्ये, म्हणजे मोकळ्या तारा जी कॉर्डला जुळवल्या असता, माझ्या तारांचा एकूण ताण हिशोबाने सुमारे ७५ किलो येतो, आणि सॅडलवर (कोनच्या माथ्यावरच्या, तारा टेकतात त्या पट्टीवर) तार १० अंशांनी मोडते असे धरले तर कोनवर साधारण १३ किलोचा भार पडतो, पातळ कोन एवढ्या भाराने बसूही शकतो. परंतु कोन बसला तर तारा खाली यायला हव्यात, आणि येथे त्या वर चालल्या होत्या. तेव्हा कोन निर्दोष ठरला. शेवटी फ्रेटवरची पट्टी पुढे सरकवून तिचे टोक बिस्किटापर्यंत, म्हणजे सॅडल धरणाऱ्या लाकडी चकतीपर्यंत, नेले. पूर्वी ते सॅडलच्या माथ्याशी पोहोचत असे, आता माथ्याच्या २ मि.मी. खाली आदळत होते. म्हणजे नेक आपल्या जागी सरळ राहून मुळापासून पुढे, तारांच्या बाजूला कलला होता.

माजिवड्याचे आमचे सुतार मिस्त्री, ज्यांच्याकडे मी रंध्याचे पाते लावून घ्यायला जातो, त्यांना गिटारमधले काही कळत नाही असे ते स्वतःच सांगतात. त्यांनी गिटार आडवी धरली, एक हात हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या टोकावर, आणि दुसरा पाठीवर ठेवून हळूच दाबली आणि म्हणाले, “दादा, तुम्ही मानेला प्लास्टर घातलंत, पण मोडलंय कंबरेत.”

घरी येऊन तारा उतरवल्या, कव्हर प्लेट (कोनवरचे झाकण) आणि कोन काढला आणि टॉर्च लावून आत पाहिले. नेकची काठी, म्हणजे शरीराच्या आतून शेपटीपर्यंत जाणारा दांडा, ३८ मि.मी. उंचीची आहे. कोन ज्या कड्यावर बसतो ते कडे तिच्या आड येत होते, म्हणून मार्चमध्ये मीच कड्याच्या दोन्ही बाजूंखाली काठीला खाचा पाडून तेथे तिची उंची १९ वर आणली होती. नेकच्या बाजूच्या खाचेत केसाएवढी तडही दिसत होती. चौथ्या नोंदीतल्या फोटोत या खाचा स्पष्ट दिसतात, आणि त्यावर मी ‘सुबक’ असा शेरा मारला आहे.

हिशोब येथे फार निर्दय असतो. दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध त्याच्या रुंदीच्या सम प्रमाणात, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. उंची निम्मी केली की विरोध एक अष्टमांश राहतो. शिवाय भारही तेथेच जास्त आहे. नेकमध्ये तारा लाकडाच्या मध्यरेषेपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर असतात. आत काठीची मध्यरेषा तारांपासून सात सेंटिमीटर खाली आहे, म्हणजे सगळा ताण काठीनेच सोसायचा म्हटला तर तोच ७५ किलोचा ताण तेथे साडेतीनपट मुरडतो. साध्या गिटारमध्ये या ताणाचा मोठा वाटा वरची फळी उचलते, पण आपल्या वाद्याच्या फळीला साडेनऊ इंची कोनसाठी भले मोठे भोक पाडलेले असते. मग राहते ती काठी. आणि माझ्या काठीत मीच दोन बिजागऱ्या करून ठेवल्या होत्या.

चाचणीत हे का दिसले नाही, याचेही उत्तर मिळाले आणि ते अधिक लाजिरवाणे आहे. मी शिकंजा नेकच्या मुळाशी, वरच्या फुगीर भागावर लावला होता. तांदळाचा भार तेथेच थांबत होता. काठीपर्यंत तो पोहोचतच नव्हता. शिकंजा शेपटीकडे लावून तीच पिशवी टांगली तर वाकण ४.४ मि.मी. आले. यापुढे कोणी चाचणीचे आकडे देईल तेव्हा शिकंजा कोठे लावला होता हेही लिहावे, अशी विनंती आहे.

जुन्या वाद्यांकडे पाहिले असते तर बरे झाले असते. १९२७ साली बाजारात आलेल्या नॅशनलच्या तीन कोनांच्या गिटारपासून ही काठीची रचना बँजोच्या घराण्यातून आलेली आहे. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या त्यांच्या चौकोनी नेकच्या गिटारमध्ये तर नेक धातूचाच, पोकळ आणि शरीराशी एकसंध असे. गिब्सनने जुळवता येणाऱ्या ट्रस रॉडचे (नेकच्या आतल्या, पेचाने आवळायच्या सळईचे) पेटंट १९२३ मध्येच मिळवले होते, मार्टिनने १९३४ च्या सुमारास नेकमध्ये पोलादी टी-बार घालायला सुरुवात केली, आणि या इतिहासामुळे आपले सगळ्यांचे लक्ष नेकच्या आत काय घातले आहे याकडेच लागलेले असते. ट्रस रॉड नेकचा बाक जुळवतो. मुळाचा अँगल तो जुळवू शकत नाही. रेझोनेटरची दुरुस्ती करणारे अनुभवी लोक आधी काठी आणि तिच्याखालचे ठोकळे तपासतात ते यासाठीच.

उपाय म्हणून वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून २० × ३ मि.मी.ची लोखंडी फ्लॅट पट्टी आणली. एवढासा तुकडा कोणी विकत नाही. त्याने भंगारातून काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत, उलट गिटार झाली की आणून दाखवा म्हणाला. फिंगरबोर्डचे स्क्रू काढून नेक काठीसकट बाहेर काढला, तडीत पातळ इपॉक्सी मुरवले आणि २६ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या काठीच्या दोन्ही अंगांना उभ्या लावून एम-४ च्या सहा बोल्टांनी आवळल्या. उभ्या, हे महत्त्वाचे. आडवी लावलेली पट्टी जवळजवळ निरुपयोगी असते. खाचेतल्या १९ मि.मी. सागवानाच्या तुलनेत या दोन पट्ट्यांचा विरोध हिशोबाने चौपट आहे, आणि वजन दोन्ही मिळून पाव किलो. काठी जाण्याचे तोंड कानशीने रुंद करावे लागले, तेवढीच शरीराची हानी झाली. शेपटीकडे शिकंजा लावून पुन्हा तांदूळ टांगले : २.६ मि.मी. तारा चढवून आज नऊ दिवस झाले आहेत, बाहेर पाऊस कोसळत आहे, सकाळी आर्द्रतामापक ८८ दाखवत होता, आणि बारावा फ्रेट ३.३ वर स्थिर आहे. सहावी तार जुळवल्यावर पहिली हलत नाही.

आता कार्बनबद्दल थोडे कडू बोलतो. नेक तासताना मी तो मागून २३ वरून २० मि.मी.वर आणला होता, हाताला छान लागतो म्हणून. २३ चा घन आणि २० चा घन यांचे गुणोत्तर १.५२ आहे, म्हणजे एवढ्या खटाटोपाने पट्ट्यांनी जे मिळवून दिले ते तीन मिलिमीटर सागवान न तासता फुकट मिळाले असते. स्लाइड वाजवणाऱ्याचा अंगठा नेकमागे मूठ आवळत नाही. जाड नेक त्याला खुपत नाही.

म्हणूनच दुसऱ्या गिटारचा बेत बदलतो आहे. जून महिन्यात मी याच गोल नेकवर उंच नट बसवून जी-बी-डी-जी-बी-डी या सुरांत लावायच्या, मांडीवरच्या गिटारच्या जाड तारा चढवल्या होत्या. तो ताण हिशोबाने ९७ किलोच्या आसपास जातो आणि तड बहुधा तेव्हाच गेली असावी. गोल नेकवर हे करू नये असे सगळे सांगतात, ते ऐकायला हवे होते. उरलेल्या वाशातून आता ४८ × ४० मि.मी.चा चौकोनी नेक काढणार आहे. माझ्या गोल नेकपेक्षा तो बारापट ताठ होतो, त्यात ना रॉड ना पट्टी. कार्बनची मागणी रद्द केली आहे.

आणि हे लिहिता लिहिताच सुचले : काठीचे शेपटीकडचे टोक मी ठोकळ्याला स्क्रूने कायमचे जखडले आहे. त्याऐवजी तेथे उभी खाच आणि एम-६ चा बोल्ट ठेवला, तर ते टोक दोन मिलिमीटर वरखाली करून नेकचा अँगल बाहेरूनच बदलता येईल, आणि बाराव्या फ्रेटवर अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक पाडता येईल. चौकोनी नेकवर हा प्रयोग आधी करतो. या गिटारला सध्या हात लावायची हिंमत नाही.

लावावा मात्र लागणार आहे. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटपाशी स्लाइड आली की आतून बारीक झणझण ऐकू येते. कव्हर प्लेटवर तळहात ठेवला तरी ती थांबत नाही, तेव्हा बोल्टांच्या मधे खाचेवरून मोकळ्या जाणाऱ्या लोखंडी पट्टीचाच तो आवाज असणार. रविवारी कोन पुन्हा काढून खाचांत सागवानाचे ठोकळे घट्ट बसवतो आणि पट्ट्यांखाली कॉर्कची चकती सरकवून पाहतो.