इंग्रजी बेताचं होतं, तरी नेदरलँड्स मनसोक्त पाहिलं

मी मराठी माध्यमात शिकले, सगळी नोकरी साताऱ्यात एका सहकारी बँकेत झाली. इंग्रजी वाचलं की कळतं, बोलताना मात्र शब्द जुळवावे लागतात. माझ्या ताईचंही तसंच. आम्ही दोघींनीच, टूर कंपनीशिवाय, नेदरलँड्सची संग्रहालयं पाहायला जायचं ठरवलं तेव्हा घरात पहिला प्रश्न हाच आला, की तिथे बोलणार कसं? याच धास्तीने बेत पुढे ढकलणाऱ्यांसाठी मी हे लिहितेय.

बोलण्याचं पुढे, आधी तिकिटांचं बघा. अ‍ॅमस्टरडॅममधल्या, नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी तिथल्या सकाळी 10 वाजता सहा आठवड्यांनंतरची तिकिटं खुली होतात. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे दुपारचा दीड वाजलेला असतो. कार्ड आणि ओटीपी येणारा फोन जवळ घेऊन आधीच बसायचं, कारण ती भराभर संपतात. व्हॅन गॉग संग्रहालयाचंही तिकीट वेळ ठरवून ऑनलाइनच घ्यावं लागतं, दारावर मिळत नाही. आमचा शेंगेन (युरोपचा) व्हिसा तोवर हातात नव्हता. आधी व्हिसा की आधी तिकीट, यावर घरात बराच खल झाला. शेवटी अ‍ॅन फ्रँकचं तिकीट आधी काढलं आणि बाकीची पासपोर्ट परत आल्यावर. मला अजूनही हाच क्रम योग्य वाटतो.

तिथे पोचल्यावर भाषेचं ओझं पहिल्याच दिवशी उतरलं. डच माणसांची घरची भाषा डच. इंग्रजी ती शाळेत शिकलेली, आपल्यासारखीच. त्यामुळे वाक्यं छोटी, उच्चार स्वच्छ. ‘प्लीज, स्लोली’ म्हटलं की कुणी कपाळाला आठी घालत नाही, तेच पुन्हा सावकाश सांगतात. मोठ्या संग्रहालयांत पाट्या डच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतात. ट्रेन-ट्रामसाठी आपलं कॉन्टॅक्टलेस बँक कार्डच चालतं, फक्त परदेशातला वापर बँकेकडून आधी चालू करून घ्यायचा आणि चढताना टेकवलेलं तेच कार्ड उतरतानाही टेकवायचं.

रायक्सम्यूझियम या तिथल्या मोठ्या संग्रहालयात ताईचे गुडघे बोलायला लागले. मी पहारेकऱ्याला विचारलं, ‘माय सिस्टर, नी पेन. एनी चेअर?’ एवढंच. त्याने खाली नेलं आणि हलकं घडीचं स्टूल हातात दिलं, फुकट. त्या स्टुलामुळे आमचा दिवस बदलला. रेम्ब्रांचं 1642 सालचं ‘नाइट वॉच’ हे चित्र काचेच्या मोठ्या खोलीत आहे, लोकांसमोरच त्याची तपासणी आणि दुरुस्ती चालते. तिथे गर्दी फार. आम्ही जास्त वेळ बसलो ते चित्रकार व्हरमीरच्या दूध ओतणाऱ्या बाईसमोर. चित्र जेमतेम 45 सेंटिमीटर उंच. दुधाची धार सगळेच बघतात. बसून पाहिलं की मागची पांढरी भिंत दिसायला लागते. तिच्यात एक खिळा, त्याची सावली, उपटून काढलेल्या खिळ्यांची भोकं. खाली जमिनीवर पाय शेकायची लाकडी पेटी. रिकाम्या भिंतीवर एवढी माया करणारा माणूस! ताई म्हणाली, ‘याने स्वयंपाकघरात पुष्कळ वेळ काढला असणार.’

त्याच इमारतीत 1665 सालचं हुगळीच्या डच वखारीचं चित्र आहे. वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे पडके अवशेष आम्ही पाहिलेत, म्हणून पाय तिथे रेंगाळले. आणि आशियाई दालनात चोळकालीन ब्राँझचा नटराज. तिथे एक वयस्क डच जोडपं उभं होतं. बाईंनी मला विचारलं, पायाखाली हा कोण? मी सांगितलं: अपस्मार, म्हणजे अज्ञान, शिव त्याला दाबून धरतो, मारत नाही. मग ज्वाळांचं वर्तुळ, हातातला डमरू, अभय देणारा हात, असं एकेक सांगत गेले. व्याकरण कुठे राहिलं कोण जाणे, पण त्या दोघांनी मान हलवत सगळं ऐकलं आणि आणखी प्रश्न विचारले. त्या दिवसानंतर बोलायची भीती म्हणून उरली नाही.

अ‍ॅन फ्रँकच्या घरात बोलण्याची वेळच येत नाही. कानाला यंत्र लावून इंग्रजी निवेदन ऐकत अरुंद, उभे जिने चढायचे. फोटो काढायला बंदी आहे. खोल्या रिकाम्या आहेत. तिचे वडील ऑटो फ्रँक यांनीच त्या तशा ठेवायला सांगितल्या. एका भिंतीवर अ‍ॅन आणि तिची बहीण मार्गो यांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, आपण घरात दाराच्या चौकटीवर मुलांच्या करतो तशाच. लपून काढलेल्या दोन वर्षांत अ‍ॅन 13 सेंटिमीटर वाढली होती. ताईने माझा हात धरला तो बाहेर कालव्यापाशी येईपर्यंत सोडला नाही.

हेगला ट्रेनने गेलो. ऐनवेळी घोषणा झाली ती फक्त डचमध्ये. शेजारच्या कॉलेजच्या मुलीला विचारलं, तर प्लॅटफॉर्म बदललाय म्हणून ती आम्हाला नव्या प्लॅटफॉर्मपर्यंत सोडून गेली. तिथलं मॉरित्सहाऊस संग्रहालय सोमवारी दुपारी 1 ला उघडतं, हे ध्यानात ठेवा. व्हरमीरचंच ‘मोत्याच्या कर्णभूषणाची मुलगी’ हे चित्र तिथे आहे. 1881 साली लिलावात ते अवघ्या 2 गिल्डर (जुनं डच चलन) 30 सेंटना गेलं होतं. तिथे माझं मन मात्र चित्रकार फाब्रिटियसच्या, साखळीने बांधलेल्या छोट्या पक्ष्याच्या चित्रावर बसलं.

छोट्या गावातल्या एका संग्रहालयात पाट्या फक्त डचमध्ये होत्या. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर वाचायला लागलो तोच तिथले स्वयंसेवक आजोबा उठून आले आणि सगळं दालन फिरवून दाखवलं. अशा ठिकाणी फोन बाजूला ठेवून माणसालाच विचारावं, ती आनंदाने सांगतात.

आता पुढच्या वर्षी भाचीला तिच्या मुलांसह पाठवायचं घाटतंय. रायक्सम्यूझियम आणि व्हॅन गॉगमध्ये 18 वर्षांखालच्यांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत. पण व्हॅन गॉगला मुलांचीही वेळ आधी राखून ठेवावी लागते, ते मी तिला आत्ताच लिहून दिलंय.