वीस टोचे

घोडीच्या मांडीवरची जखम चिघळली आणि एरवी १०० च्या आसपास असणारा ताप १०३ वर गेला. डॉक्टरांनी पेनिसिलिन सुरू केलं. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. "दोन्ही वेळा मला यायला जमणार नाही, तुम्हीच द्या," म्हणत त्यांनी सिरिंज माझ्या हातात ठेवली.

हिशेब ऐकूनच मी गार. किलोमागे २२ हजार युनिट, घोडी ४०० किलोची, एका मिलिलिटरमध्ये ३ लाख युनिट. म्हणजे एका वेळी जवळजवळ ३० मिलिलिटर! एवढं एका जागी देत नाहीत, म्हणून दोन जागी. पाच दिवसांत वीस टोचे. मी आजवर संत्र्यालाही सुई टोचली नव्हती.

डॉक्टरांनी तिच्या मानेवर बोटाने त्रिकोण काढला. वर आयाळीखालचा जाड दोरखंडासारखा पट्टा, खाली मणक्यांची ओळ, मागे खांद्याचं फावडं. "या तिघांच्या आत तळहात मावतो, तेवढीच तुमची जागा." मणके मला वाटत होते त्यापेक्षा बरेच खाली निघाले. ते आयाळीलगतच असतात अशी माझी समजूत! इतकी वर्षं रोज खरारा केला त्या मानेत काय कुठे आहे, याचा मला पत्ता नव्हता.

सुई आधी एकटीच, एका झटक्यात मुळापर्यंत, सिरिंज नंतर. पहिला टोचा मी भीत भीत, हळूहळू दिला आणि तिने मला खांद्याने थेट भिंतीवर दाबलं. चूक माझीच होती. संध्याकाळी झटक्यात दिला, तर एक कान मागे गेला आणि गवत चघळणं चालूच राहिलं.

तिसऱ्या संध्याकाळी बायकोने मोरखी धरली होती. सुई बसली, सिरिंज लावली आणि सवयीने दट्ट्या थोडा मागे ओढला. दुधासारख्या पांढऱ्या औषधात लाल धागा उलगडत आला.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. या पेनिसिलिनमध्ये प्रोकेन असतं. ते शिरेत गेलं तर काही सेकंदांत घोडा बेभान होतो, उधळतो, कोसळतो, कधी मरतोही. "रक्त दिसलं की सुई बाहेर. विचार करत बसायचं नाही." खरं सांगायचं तर तोवर पाच वेळा काहीच न दिसल्याने मला ते ओढून बघणं म्हणजे उगाच सोपस्कार वाटू लागलं होतं.

सुई काढली. ते औषध टाकून दिलं, नवी सुई, नवं औषध, दुसरी बाजू. "काय झालं?" बायकोने विचारलं. "काही नाही," म्हणालो, पण हात इतका थरथरत होता की बाटलीच्या बुचात सुई घुसेना.

चौथ्या दिवशी तिची मान आखडली. डोकं खाली नेताना थबकायची. गवत उंचावर बांधलं, बादलीही ओट्यावर ठेवली. कुठल्या बाजूला कुठे टोचलं, याच्या खडूच्या खुणा भिंतीवर करत होतो, त्या वीस झाल्या. ताप त्याआधीच उतरला होता.

सुईच्या वेष्टनाचा आवाज मात्र तिने पाठ केला. अजूनही तबेल्यात कुठे कागद फाटला की चघळणं थांबतं.