मेथी, रद्दी आणि जुलैतला शहाणपणा

आमच्याकडे पेपर मॅशे, म्हणजे कागद भिजवून केलेल्या लगद्याचं काम, हा शब्द फार उशिरा आला. जळगावकडे आजीच्या घरी त्याला सरळ लगदा म्हणायचे आणि त्याच्या टोपल्या असायच्या, मोठी पापड-कुरडयांची, त्याहून लहान लसणाची, आणि एक अगदी एवढीशी जिच्यात सुया-दोरे आणि का कोण जाणे जुनी लाईटबिलं. बाहेरून गेरू, काठाला चुन्याचे ठिपके, आणि हातात घेतली की मेथीचा वास. लहानपणी मला तो वास अजिबात आवडायचा नाही, आणि मागच्या वर्षी त्याच टोपलीसाठी मी घराचा उकिरडा केला.

झालं असं की जुलै होता, पुण्यात नुसती पिरपिर, घरात रद्दीचा ढीग, आणि मोबाईलवर कुठल्यातरी बाईंचा व्हिडिओ की बघा किती सोप्पं. पेपर फाडून बादलीत भिजवले आणि विसरले, चौथ्या दिवशी बाथरूममधून असा वास यायला लागला की नवरा म्हणाला ड्रेनेज तुंबलंय. त्यात मी गुळगुळीत रंगीत पुरवण्या पण टाकल्या होत्या, त्या कागदाला वरून पांढऱ्या मातीचा लेप असतो, तो नीट विरतच नाही, हाताला नुसती बुळबुळीत पानं येत राहतात. साधा वर्तमानपत्राचा कागद बरा आणि त्याहून बरे अंड्यांचे ट्रे, ते मुळात लगद्याचेच बनवलेले असतात ना, भिजले की लगेच मोडतात. मग मिक्सर! घट्ट गोळा घालून फिरवला आणि मोटरचा जळका वास आल्यावर बंद केला (भरपूर पाणी घालून थोडं थोडं फिरवायचं आणि मग फडक्यात पिळायचं, हे नंतर कळलं). मैद्याची खळ घालून मळलं, पातेल्यावर थापलं, आणि आठ दिवसांनी त्याच्यावर छान हिरवी-काळी लव उगवली.

आईला फोन केला. ती म्हणाली, "मेथी घातलीस का?" म्हटलं नाही, खळ घातली. थोडा वेळ पलीकडून काहीच नाही. मग, "आणि जुलैत कोण टोपल्या घालतं गं? ते उन्हाळ्यातलं काम, पापडांच्या सोबतचं."

मग गपचूप एप्रिलपर्यंत थांबले. साधारण 1 किलो कागद आणि 100 ग्रॅम मेथी, मेथी रात्रभर भिजवून अगदी गंध वाटल्यासारखी बारीक वाटायची, ती इतकी चिकट होते की वेगळा गोंद लागतच नाही, शिवाय कडू असल्यामुळे कीड लागत नाही असं आजी म्हणायची. मूठभर मुलतानी माती. आजी हे सगळं उखळात कुटायची, मी मिक्सरला घातलं आणि मग परातीत कणकेसारखं दहा-पंधरा मिनिटं मळलं, हात दुखतात पण इथे कंटाळा केला की टोपलीत कागदाचे तुकडे दिसतात.

खरी गंमत वाळताना. लगदा वाळताना आकसतो आणि आतलं पातेलं काही आकसत नाही, त्यामुळे एकतर टोपली तडकते नाहीतर पातेल्याला अशी आवळून बसते की दोन्ही एकत्रच वापरा. म्हणून पातेलं उपडं घालून त्यावर ओलं फडकं टाकायचं, त्यावर बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीने थापायचं, तळाकडून काठाकडे, आणि अर्धवट वाळून चामट झालं की फडक्यासकट अलगद उतरवून मग आतून ऊन द्यायचं. पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं नाही. माझ्या पहिल्या दोन टोपल्या या एका गोष्टीपायी फुटल्या, तुकडे परत भिजवले, लगद्याचं हे एक बरं आहे.

काश्मीरमध्ये हेच काम दोन वेगळे कारागीर करतात, साचा-लगद्याचं काम ते सख्तसाज़ी आणि वरची नक्षी ती नक्काशी, तिथे चिकटवायला भाताची खळ असते. ते डबे बघितले की आपली गेरूची टोपली अगदीच गावठी वाटते खरं तर, पण त्यांच्या डब्यात कोणी कुरडया ठेवत नाही.

ओल्या हाताने पुसू नका, पाणी लागलं की परत लगदाच. खराब झाली तर वरून एक पातळ हात मेथी-मातीचा आणि परत गेरू. आणि जमिनीवर ठेवू नका, उंदीर काठ कुरतडतात, आमच्याकडे म्हणून त्या खुंटीला असायच्या.

तिसरी टोपली नीट निघाली. आईला फोटो पाठवला, दोन तासांनी रिप्लाय आला, "काठ जाड झालाय." लसूण ठेवलाय त्यात.