त्याला कुणी विचारलं होतं का?

२५ जुलै २०२५, निशिकासाई (तोक्यो), रात्रीचे साडेअकरा

चिरंजीव तोंड फुगवून झोपलेत. आज बेसबॉलच्या मॅचमध्ये कोचने त्याला चौथ्या इनिंगमध्येच बाकावर बसवलं. टाकून ६८ बॉल झाले होते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो होतो आणि नेहमीप्रमाणे मोजत होतो; बोटाने दाबायचं ते काउंटर माझ्या खिशात कायम असतं. संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर त्याचं कोपर दाखवलं, तर नाशिकहून हुकूम आला, "बर्फ कसला लावतोस, आंबेहळद उगाळून लाव!" लावली. आता अभ्र्यावर पिवळा डाग पडणार आणि सकाळी बायको माझ्यावर घसरणार.

जेवताना त्याची समजूत काढायला म्हणून रोकी सासाकी या जपानी बेसबॉलपटूचा विषय काढला. तारीखही आजचीच, सहा वर्षांपूर्वीची.

इवाते प्रांतातल्या ओफुनातो गावची साधी सरकारी शाळा. सासाकी १७ वर्षांचा, बॉल टाकायचा ताशी १६३ किलोमीटरने. २०११च्या त्सुनामीत वडील आणि आजी-आजोबा गेले, तेव्हा पोरगा नऊ वर्षांचा होता. मोठमोठ्या खासगी शाळा बोलवत होत्या, पण हा गावातच राहिला, कारण कोशिएनला, म्हणजे शाळांच्या राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धेला, जायचं तर इथल्याच पोरांबरोबर जायचं. प्रांतातून संघ जातो एकच (तोक्यो आणि होक्काइदोचे तेवढे दोन), आणि एकदा हरलात की घरी. ओफुनातोची शाळा १९८४नंतर तिथे पोचलीच नव्हती.

प्रांताच्या स्पर्धेत २१ जुलै २०१९ला त्याने १२ इनिंगमध्ये १९४ बॉल टाकले आणि बाराव्या इनिंगमध्ये स्वतःच होमरन मारून सामना काढला. २४ला उपांत्य फेरीत १२९. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना, समोर हानामाकी हिगाशी, म्हणजे बेसबॉलचा सुपरस्टार ओहतानीची शाळा. आणि कोच कोकुबोंनी त्याला खेळवलंच नाही. बॅटिंगलासुद्धा उतरवलं नाही. १२-२ असा धुव्वा उडाला. मग शाळेचे फोन खणखणले, टीव्हीवर माजी खेळाडू तावातावाने भांडले.

मी पहिल्या दिवसापासून कोकुबोंच्या बाजूचा. आदल्याच वर्षी कोशिएनमध्ये योशिदा नावाच्या पोराने सहा सामन्यांत ८८१ बॉल टाकले होते आणि अख्खा देश टाळ्या पिटत होता. मला बघवत नव्हतं. कुणीतरी 'बस' म्हणायलाच हवं होतं. आमच्या पोरालाही हेच सांगितलं.

त्याने भाताचा घास तसाच हातात धरून विचारलं, "त्याला कुणी विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. दुखापत होऊ नये म्हणून निर्णय मीच घेतला, असं कोच नंतर बोलले होते. खेळायची इच्छा होती, असं पोरगाही बोलला होता. हे दोन्ही मी तेव्हा वाचलं होतं, पण मला हवं तेवढंच लक्षात ठेवलं.

"आणि बाकीचे? त्यांचीपण शेवटचीच मॅच ना?"

इथे मात्र माझी बोलती बंद झाली. खरं सांगायचं तर त्या पोरांचा विचार मी सहा वर्षांत एकदाही केला नव्हता. सासाकीला चार व्यावसायिक संघांनी मागितलं, चिठ्ठी चिबा लोत्तेची निघाली. १० एप्रिल २०२२ला त्याने परफेक्ट गेम टाकला, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर पोचू दिलं नाही; १९ स्ट्राइकआउट, त्यातले १३ ओळीने. तेव्हा याच सोफ्यावर मी उड्या मारत होतो, 'बघा, हात वाचवला म्हणून!' वाचवला खरा, पण त्याचे पैसे कुणाच्या खिशातून गेले? बाकीच्यांना चिठ्ठीत कोण मागणार होतं? त्यांच्याकडे तो एकच जुलै होता.

आणि एवढं जपून तरी काय? यंदा अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघात गेला आणि मे महिन्यापासून खांदा धरून बसलाय.

२०२०पासून शाळांच्या स्पर्धांत एका पोराला आठवड्याला ५०० बॉलची मर्यादा आली. नियमाचं एक बरं असतं, पोराच्या डोळ्यांत बघून काही सांगावं लागत नाही. तरीही आज मी कोच असतो तर ६८ला बसवलंच असतं. फक्त बसवण्याआधी त्याच्याजवळ जाऊन दोन शब्द बोललो असतो की नाही, हे छातीठोकपणे सांगवत नाही.

झोपायला जाताना म्हणाला, "बाबा, पुढच्या मॅचला ते काउंटर घरी ठेव."

'हो' म्हणालो नाही, 'नाही'ही म्हणालो नाही. पँट खुर्चीवर टाकलीय, खिशात ते तसंच आहे, ६८ दाखवत.